शिपायाचे सोंग

सन २०२५ च्या मे महिन्यात पुण्याहून एक वार्ता आली. दिघी येथे डीआरडीओची जी अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, तीत सैन्याच्या उपयोगासाठी मनुष्याकृती यंत्र सिद्ध होत असून चार वर्षांपासून ती खटपट चालू आहे. धड व हात यांचा एक आणि पायांचा एक असे नमुने तयार झाले आहेत. २०२७ पर्यंत काम पुरे करण्याचा संस्थेचा संकल्प आहे. हे यंत्र वस्तू ढकलील, ओढील, दार सरकवील, झडप फिरवील, आणि सुरुंग, स्फोटके यांसारखे जिवावरचे पदार्थ हाताळील, असे त्याच्या कर्त्यांनी सांगितले. कर्त्यांनी सांगितले ते एवढेच. परंतु वार्ता नागपुरास येऊन पोहोचेपर्यंत त्या यंत्राच्या हाती बंदूक आलेली होती. महालात बडकस चौकापासून चिटणीस पार्कापर्यंत ज्या ज्या बैठकीत हा विषय आमच्या कानी आला, तेथे तेथे एकच उद्गार निघाला : आता सीमेवर यंत्रमानव लढणार, आपली मुले घरी राहणार आणि शत्रूची खोड मोडणार!

हा उद्गार सुशिक्षितांचा आहे आणि तो सद्हेतूने निघालेला आहे. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त वाटते.

यंत्राशी आमचे वैर नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. याच दिघीच्या संस्थेने घडविलेले 'दक्ष' नावाचे दूरचालित यंत्र बेवारस पेटीत दडलेला बॉम्ब काढण्याचे काम करते. ज्या जवानाला पूर्वी त्या पेटीपाशी स्वतः जावे लागे, त्याच्या आईने त्या यंत्राला रोज हळदकुंकू वाहिले तरी आम्ही हसणार नाही. युद्धात यंत्र नको असेही आमचे म्हणणे नाही. तोफ हे यंत्रच, आणि ती या देशात मोगलांपासून गाजते आहे. आमचा आक्षेप आहे तो शस्त्र धरणाऱ्या यंत्राला माणसाचे रूप व शिपायाचे नाव देण्याला. हा आक्षेप केवळ वेषभूषेचा आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

प्रथम नावाचाच विचार करू. 'रोबोट' हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक या चेक नाटककाराने. १९२० साली लिहिलेल्या व पुढल्या वर्षी प्रागच्या रंगभूमीवर आलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकात तो आला. शब्द सुचविला होता त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने बिनमोल करावयाची मेहनत. मराठीत तिला नेमका शब्द आहे : वेठ. त्या न्यायाने रोबोट हा यंत्रवेठ्या ठरतो. परंतु आम्ही त्याचे भाषांतर केले 'यंत्रमानव'! मूळ शब्दात होती ती वेठ गेली, आणि नव्हता तो मानव आला. एका समासाच्या जोरावर लोखंडाला मनुष्यपद बहाल झाले, आणि त्याबद्दल कोणा व्याकरणकाराने हरकत घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. चापेकच्या नाटकात हे वेठ्ये आधी कारखान्यात राबतात, मग सरकारे त्यांना शिपाई करतात, आणि अखेरीस ते एक माणूस शिल्लक ठेवून सारी मानवजात संपवितात. आमच्या लोकांना धास्ती वाटते ती या अखेरीची. आमचे लक्ष मात्र मधल्या टप्प्यावर खिळते. यंत्रे बंड करतील की नाही, ही चिंता कादंबरीकारांनी वाहावी. ती बंड करणार नाहीत, जे सांगाल ते निमूटपणे करतील, यात काळजीचे कारण कमी आहे काय?

सैन्याला नावे नीट ठेवता येत नाहीत असे मात्र नाही. १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात सैन्यदिनाचे संचलन झाले, त्यात चार पायांची यंत्रे जवानांबरोबर पावले टाकीत गेली. त्यांचे नाव 'म्यूल', म्हणजे खेचर. हे नाव सचोटीचे आहे. खेचराच्या पाठीवर ओझे लादतात. त्याला कोणी वीर म्हणत नाही की अपराधी म्हणत नाही.

आता रूपाकडे वळू. माणसाच्या आकाराचे समर्थन असे करतात की, जिने, दारे, कड्या, पाने, झडपा हे सगळे माणसाच्या मापाने केलेले असते; तेथे काम करावयाचे तर यंत्रही त्याच मापाचे हवे. सुरुंग काढण्याच्या व झडप फिरविण्याच्या कामी हे म्हणणे सोळा आणे खरे आहे. परंतु गोळीला जिना चढावा लागत नाही. मारण्याचे काम माणसाच्या आकारावाचून किती सफाईने होते, हे पाहावयास नागपूरकराने दूर जाण्याचे कारण नाही. येथील सोलर उद्योगसमूहाच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीने बनविलेल्या 'नागास्त्र' या उडत्या अस्त्राची पहिली १२० नगांची खेप २०२४ च्या जूनमध्ये सैन्याच्या हवाली झाली. मागणी ४८० नगांची होती. सुमारे नऊ किलो वजन, एक किलो स्फोटक, अर्धा तास आकाशात घिरट्या घालण्याची ताकद, आणि मग लक्ष्यावर झडप. त्याला ना हात, ना पाय, ना तोंड. युद्धभूमीवर माणसाचा आकार ही उलट अडचणच आहे : उंच, दोन पायांवर तोल सांभाळणारा, दुरून दिसणारा आणि चिखलात रुतणारा. असे असता २०१७ साली रशियाने आपल्या 'फेडोर' नामक मनुष्याकृती यंत्राच्या दोन्ही हातांत पिस्तुले देऊन त्याला नेमबाजी करताना जगाला दाखविले, आणि लगोलग हा चित्रपटातला संहारक नव्हे अशी सारवासारवही केली. पिस्तुलाचा चाप ओढण्यासाठी पाच बोटांचा पंजा घडविणे म्हणजे ट्रॅक्टरला शिंगे आणि वशिंड बसविण्यासारखे आहे. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला ते शोभते. शेत नांगरावयाचे असेल तर त्याचा उपयोग नाही.

तेव्हा शस्त्रधारी यंत्राचे मनुष्यरूप लढाईसाठी नसून प्रेक्षकांसाठी आहे, हे उघड दिसते. आणि ते प्रेक्षक म्हणजे तुम्ही-आम्ही. शिपायाविषयी आपल्या मनात जो आदर आहे, तो शिपाई न धाडता मिळावा, अशी ही योजना आहे. २०१० सालचा रजनीकांताचा 'रोबोट' हा चित्रपट बहुतेक घरांतून पाहिला गेला असेल. त्यातला शास्त्रज्ञ सैन्यासाठीच यंत्र घडवितो. परीक्षेत ते नापास होते, कारण बरेवाईट त्याला कळत नाही. म्हणून तो त्याला भावना देतो. तर ते प्रेमात पडते, आणि सेनाधिकाऱ्यांपुढे लढण्याऐवजी प्रेमाच्या गोष्टी बोलू लागते. पुढे एक दुष्ट त्याच्यात दुसरा तुकडा बसवितो, तेव्हा कोठे ते कत्तलीच्या उपयोगी पडते. चित्रपट म्हणून त्यात गोंधळ पुष्कळ आहे. परंतु जो क्षण त्याला माणूसपण देतो तोच त्याला रणात निरुपयोगी करतो, हे त्या पटकथाकाराला जितके कळले तितके आमच्या बैठकीतील पंडितांना कळलेले दिसत नाही.

शिपाई म्हणजे काय, याचा आपण विचारच सोडून दिला आहे. मारणे हे शस्त्राचे काम. केव्हा मारू नये हे कळणे, आणि कळल्यावर हात आवरणे, हे शिपायाचे. आमच्या १९५० च्या सेना अधिनियमात, आज्ञाभंगाला जबर शिक्षा सांगणाऱ्या ४१ व्या कलमातही, आज्ञा ही 'कायदेशीर' असावी अशी अट आहे. या एका विशेषणात कायद्याने प्रत्येक जवानाला विवेकाचा धनी मानले आहे. यंत्राला कायदेशीर आज्ञा आणि बेकायदेशीर आज्ञा या दोन्ही सारख्याच. त्याच्या दृष्टीने विजेचा प्रवाह आला किंवा आला नाही, एवढाच भेद.

नागपूरच्या अस्त्राला नाव देणाऱ्यांनी महाभारत चाळले असावे; निदान आम्ही तरी त्या नावाने पुन्हा कर्णपर्व उघडले. तेथे कर्णाच्या सर्पमुख बाणात अश्वसेन नावाचा नाग कर्णाच्या नकळत शिरून बसतो. खांडववनात अर्जुनाने त्याची आई मारली, म्हणून त्याचे स्वतःचे वैर आहे. बाण सुटतो, श्रीकृष्ण रथ खाली दाबतो, अर्जुनाचा मुकुट जातो, मस्तक वाचते. मग तो नाग परत येऊन कर्णाला म्हणतो की, मला पुन्हा सोड, या वेळी मी चुकणार नाही. विचार करा : कर्णाचा जन्मवैरी समोर उभा आहे, अस्त्र आपण होऊन चालून आले आहे, लक्ष्य स्वतः शोधण्याची त्याला अक्कल आहे आणि द्वेषही आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे स्वयंचलित शस्त्र झाले. कर्ण त्याला नकार देतो. परक्याच्या बळावर मला जय नको, आणि सोडलेला बाण मी पुन्हा जोडीत नाही, हे त्याचे उत्तर आहे. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध मूर्खपणा होता, असे कोणी म्हणेल, आणि तो नकार कर्णाला महाग पडला हेही खरे. तरीसुद्धा कर्णाला आपण शिपाई म्हणतो आणि अश्वसेनाला म्हणत नाही, याचे कारण त्या नकारात आहे. सौप्तिकपर्वात हेच उलट्या बाजूने येते. अर्जुन व अश्वत्थामा दोघेही एकच अस्त्र सोडतात. व्यास-नारद मध्ये पडल्यावर अर्जुन आपले परत घेतो, अश्वत्थाम्याला ते साधत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर पडते. सोडण्याची विद्या दोघांकडे होती. परत घेण्याची एकाकडेच.

नागास्त्राच्या बाजूने येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लक्ष्य सापडले नाही, किंवा बेत रहित झाला, तर ते परत बोलावता येते आणि हवाई छत्रीच्या साह्याने पुन्हा जमिनीवर उतरविता येते, असा त्याचा लौकिक आहे. आमच्या मते त्याच्या साऱ्या गुणांत हा पहिला गुण. अमुक ठिकाणी लग्नाचा मांडव दिसतो आहे, परत ये, असे म्हणणारा कोणी तरी माणूस पाठीमागे बसलेला आहे, एवढा त्याचा अर्थ. यंत्राला मनुष्यरूप देऊन मोकळे सोडण्याच्या कल्पनेत हाच माणूस प्रथम बाद होतो, आणि गंमत अशी की त्याच्या जागी माणसाचे चित्र उभे करतात!

शरणागतीचा प्रश्न घ्या. महालात राहणाऱ्याला त्याचा दाखला घराशेजारीच आहे. १८१७ च्या डिसेंबरात अप्पासाहेब भोसले रेसिडेंटाच्या स्वाधीन झाले, तरी त्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी शहर व वाडा सोडला नाही. जनरल डव्हटनच्या फौजेने जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, हल्ला चढविला, तो फसला. इंग्रजांकडे तोफा होत्या, अरबांकडे भिंती होत्या, आणि दोन्हीकडे जिद्द होती. असे असूनही डिसेंबर संपता संपता बोलणी झाली, आणि अरब आपली बायकामुले व चीजवस्तू घेऊन वेशीबाहेर पडले. हे अरब पगारी होते. या मातीशी त्यांचे नाते तनख्याचे. इंग्रजांविषयी तर आम्हांस कौतुक करण्यासारखे काहीच नाही. तरी दोन्ही बाजूंना माणसे होती म्हणून वाडा व पेठा बेचिराख होण्याआधी ते प्रकरण थांबले. त्या दरवाजाच्या दोन्ही अंगांना लोखंडी वेठ्ये उभे असते तर पांढरे निशाण कोणी दाखवावयाचे आणि कोणी ओळखावयाचे? १९९१ च्या आखाती युद्धात फैलाका बेटावरील इराकी शिपाई अमेरिकेच्या युद्धनौकेवरून सोडलेल्या एका मानवरहित विमानाला पांढरी फडकी दाखवून शरण आले, हे उदाहरण आमच्यापुढे टाकतात. त्या विमानाच्या कॅमेऱ्यामागे माणसे होती, आणि त्यांनी ती फडकी पाहिली, एवढे सांगावयास ते विसरतात.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आता पाहू. अमेरिकेतील रोनाल्ड आर्किन या यंत्रशास्त्रज्ञाने २००९ च्या सुमारास असे प्रतिपादिले की, यंत्राला राग नाही, भीती नाही, सूडबुद्धी नाही. तेव्हा नियम नीट भरून दिले तर ते माणसापेक्षा अधिक सभ्यपणे लढेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनामातील माय लाई गावात शेकडो निःशस्त्र बायकामुलांना कापून काढले ते माणसांनीच, आणि तेही सुधारलेल्या राष्ट्राच्या माणसांनी. परंतु त्याच सकाळी ह्यू थॉम्प्सन नावाच्या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर आपल्याच शिपायांच्या व पळत्या गावकऱ्यांच्या मध्ये उतरविले, आणि यांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर तुम्ही यांच्यावर झाडा, असे आपल्या जोडीदारांना बजावले. त्याच्याजवळ तशी लेखी आज्ञा नव्हती. नियम भरून दिलेले यंत्र फार तर स्वतः पाप करणार नाही. दुसऱ्याचे पाप पाहून ते मध्ये उभे राहील काय? आणि लेफ्टनंट कॅली याला १९७१ साली न्यायासनाने दोषी ठरविले, ही गोष्टही विसरू नये. शिक्षा पुढे जवळजवळ पुसून टाकली, ते लज्जास्पदच. परंतु पिंजऱ्यात उभे करावयास कोणी तरी होता. यंत्राकडून गाव मारले गेले तर पिंजऱ्यात कोण? प्रोग्रॅम लिहिणारा म्हणेल, मी बरोबर लिहिला. कारखानदार म्हणेल, मी लिहिल्याप्रमाणे बांधले. सेनापती म्हणेल, मी फक्त पाठविले. मंत्री म्हणेल, चौकशी चालू आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक नागपुरात निघते. काळी आणि पिवळी अशा त्या प्रचंड मनुष्याकृती, बरोबर बडगे. वर्षभराची रोगराई, महागाई, लाचलुचपत, सारी इडापिडा त्यांच्या माथी मारून लोक त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. हा खेळ आम्हांस प्रिय आहे, कारण त्यात फसवणूक नाही : बाहुली आपण केली, दोष आपले, ती जळाल्यावर दोष आपल्याच घरी राहिले, हे शेवटच्या पोरालाही ठाऊक असते. मनुष्याकृती यंत्रशिपाई ही सरकारांची मारबत होऊ पाहत आहे. दोष तिच्या माथी जातील. फरक एवढाच की तिला कोणी जाळणार नाही, दुरुस्तीला पाठवतील.

आता 'आपली मुले घरी राहतील' याविषयी. परवा आमच्या वर्गात एका चुणचुणीत विद्यार्थ्याने हाच प्रश्न केला, आणि वर्गाने बाके वाजविली. त्या वर्गातील किती जणांच्या घरचे कोणी सैन्यात आहे, असे आम्ही विचारले, तेव्हा दोन हात वर आले. दोघेही खेड्यांतून आलेले. कामठीची छावणी येथून हाकेच्या अंतरावर; गार्ड्‌स ब्रिगेडचे शिक्षणकेंद्र तेथे आहे. महालातील आमच्या थरातून तेथे भरती व्हावयास किती जण जातात, हे ज्याने त्याने आपल्या आळीत मोजून पाहावे. दुसऱ्याच्या मुलाचा जीव वाचावा ही इच्छा चांगलीच आहे. पण ती इच्छा नीट निरखून पाहिली तर तिच्यात युद्ध आपल्याला काहीच न पडता चालावे, अशी एक इच्छा दडलेली सापडते. शवपेटी गावात येते तेव्हा गाव विचारते की हे युद्ध कशासाठी. तो प्रश्न राज्यकर्त्यांना नकोसा असतो, आणि म्हणूनच तो हवा असतो. २००४ पासून अमेरिकेने पाकिस्तानच्या डोंगराळ मुलखात वर्षानुवर्षे वैमानिकावाचून उडणाऱ्या विमानांतून मारा केला. पाकिस्तानशी तिने युद्ध कधीच पुकारले नव्हते. आपल्या पेट्या घरी येत नव्हत्या, म्हणून पुकारण्याची गरजच पडली नाही. मेले ते दुसऱ्यांच्या घरी.

शत्रू करील आणि आपण करू नये काय, असे शेवटी विचारतात. २०२४ च्या मे महिन्यात कंबोडियाबरोबरच्या कवायतीत चीनने पाठीवर बंदूक बसविलेले यांत्रिक कुत्रे मिरविले, ते आम्हीही पाहिले. कुत्र्याला कुत्र्याने उत्तर द्या, नागास्त्राने द्या, वाटेल त्याने द्या. चाप ओढण्याचा निर्णय माणसाचा असावा आणि त्या माणसाचे नाव कागदावर असावे, एवढेच आम्ही मागतो. असे करार होत नाहीत, ही सबबही खरी नाही. डोळे कायमचे आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ साली, ती रणांगणावर रुळण्याच्या आतच, बंदी घातली गेली, आणि भारत त्या करारात आहे. मात्र स्वयंचलित मारक शस्त्रांचा विचार व्हावा असा ठराव २०२३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा १५२ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले आणि प्रतिकूल मत देणाऱ्या चौघांत आपण होतो. हा विषय जिनिव्हाच्या शस्त्रकराराच्या मंडळातच व्हावा, हे आपल्या सरकारचे कारण. त्या मंडळातील तज्ज्ञांच्या गटाचे अध्यक्षपद प्रारंभी भारताकडेच होते, तेव्हा कारण अगदीच निराधार नाही. पण त्या मंडळात एकमताशिवाय पान हालत नाही, हे आपल्या मुत्सद्द्यांना ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? पुढल्या वर्षी अशाच ठरावावर आपण तटस्थ राहिलो. विरोधावरून तटस्थतेवर आलो, ही एक पायरी झाली. दुसरी चढावी यासाठी नागपुरातून निवडून जाणाऱ्यांना कोणी एक पत्र तरी लिहिले आहे काय?

राहिला प्रश्न दिघीच्या त्या यंत्राचा. ते पुरे व्हावे, लवकर व्हावे, आणि पुरे झाल्यावर त्याने आमच्याकडे यावे, अशी आमची मनापासून विनंती आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी सकाळी, बाजारगाव येथील सोलर समूहाच्याच कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या सरकारी आयुधनिर्माणीत स्फोटाने छत कोसळले आणि आठ जण गेले. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळा भांडाराला लागलेली आग विझविताना जी माणसे जळाली, त्यांत अधिकारी होते, जवान होते, बंबवाले होते. यांपैकी कोणीही सीमेवर नव्हते. स्फोटकाला हात लावणारा माणूस तेथून दूर व्हावा, आणि त्याच्या जागी माणसाच्या मापाचे, माणसाची अवजारे धरणारे, झडप फिरविणारे यंत्र उभे राहावे, अशा जागा वऱ्हाड-नागपुरात एक नव्हे, अनेक आहेत. दिघीच्या शास्त्रज्ञांनी आपल्या यंत्राचे जे गुण सांगितले ते सगळे येथल्या कामाचे आहेत. पहिला नग जवाहरनगरला द्यावा, दुसरा पुलगावला. बाजारगावच्या कारखानदाराला तिसरा विकत घेण्याइतके द्रव्य निश्चित आहे.